एका शॉटपासून टाइमलाइनपर्यंत: चित्रपट-संकलन त्याच्या इतिहासाच्या क्रमाने शिकताना

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी आठ-दहा मुले-मुली चित्रपट-संकलन (एडिटिंग) शिकायला माझ्याकडे येतात. नव्याने येणारा प्रत्येक जण फोनमध्ये गणेशोत्सवाचे दोन-अडीच तासांचे चित्रण भरून आणतो आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच विचारतो, की सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे. त्यावर माझे उत्तर ठरलेले आहे: ते आठव्या आठवड्यात पाहू. हे ऐकून दोघे-तिघे पुढच्या रविवारी येत नाहीत, हेही आता अंगवळणी पडले आहे.

या हट्टाला कारण आहे. संकलनातल्या बहुतेक मूलभूत युक्त्या १८९५ ते १९२५ या तीस वर्षांत सापडल्या. त्या शोधणाऱ्यांपाशी संगणक तर नव्हताच, बहुतेक काळ धड यंत्रही नव्हते. कात्री, फिल्म चिकटवायचे द्रावण आणि उजेडासमोर धरलेली पट्टी एवढ्यावर त्यांचे काम चाले. या युक्त्या ज्या क्रमाने सापडल्या, तो क्रमही पाहण्यासारखा आहे, कारण प्रत्येक युक्ती आधीच्या युक्तीने उभी केलेली अडचण सोडवण्यासाठी आली. शिकणाऱ्याने तोच क्रम धरला आणि त्या त्या काळाची मर्यादा काही दिवस स्वतःवर लादून घेतली, तर ‘हा कट (एक शॉट तोडून दुसरा जोडणे) का करायचा’ हा प्रश्न त्याला बाहेरून शिकवावा लागत नाही. तो त्याला आपोआप पडतो.

सरावासाठी विषय एकच घ्यावा. विषय दर आठवड्याला बदलला, की मुले संकलनापेक्षा नवनव्या जागा शोधण्यातच रमतात. आमचा विषय आहे खंडेराव मार्केटपाशी झेंडूचे हार ओवणाऱ्या एक मावशी. त्यांची परवानगी आम्ही पहिल्याच दिवशी घेतली आणि मोबदल्यात दर रविवारी त्यांच्याकडूनच हार घ्यायचा, असे ठरले. तुम्ही कुंभार निवडा, सायकल दुरुस्त करणारा निवडा, घरातल्या आजीचे लोणचे घालणे निवडा. फक्त ते काम हातांनी होणारे, टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारे आणि पुन्हा पुन्हा घडणारे असावे.

पहिला आठवडा: कट नसलेला चित्रपट

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये लुमिएर बंधूंनी तिकीट लावून जे चित्रपट दाखवले, ते जेमतेम सतरा मीटर लांबीच्या पट्टीवरचे, म्हणजे सुमारे ५० सेकंदांचे होते. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांचे चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. त्या काळी कॅमेरा एका जागी रोवला जाई, हाताने दांडा फिरवला जाई आणि पट्टी संपली की चित्रपट संपे. संकलन नव्हते, पण निवड मात्र पुरेपूर होती: कॅमेरा कोठे ठेवायचा आणि दांडा केव्हा फिरवायला घ्यायचा.

पहिला सराव म्हणून मांडवीच्या चार दरवाजांच्या मंडपासमोर किंवा तुमच्या गावातल्या तशाच वर्दळीच्या जागी फोन तिपाईवर घट्ट बसवा आणि ५० सेकंदांचा एकच शॉट, म्हणजे कॅमेरा मधे न थांबवता केलेले सलग चित्रण, घ्या. फोन आडवा धरावा. कॅमेऱ्यात सोय असल्यास सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रे) आणि शटर १/५० सेकंदावर ठेवावे. आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने या आकड्यांवर ट्यूबलाइटचा उजेड लुकलुकत नाही. उजेड आणि फोकस ‘लॉक’ करून टाकावा, नाहीतर समोरून पांढरी गाडी गेली की सगळे चित्र काळवंडते. असे दहा शॉट घेऊन त्यांतला एकच ठेवायचा. निवडताना स्वतःला विचारायचे, की चौकटीत कोण, कोठून, कोणत्या सेकंदाला शिरले आणि शॉटला स्वतःचा असा शेवट आला का. एका मुलीच्या शॉटमध्ये हातगाडीवाला डावीकडून शिरून बरोबर अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला उजवीकडून बाहेर पडला होता. तो शॉट आम्ही अजून जपून ठेवला आहे, कारण ‘शॉट संपला’ म्हणजे काय, हे त्यात बोट ठेवून दाखवता येते.

दुसरा आठवडा: कॅमेरा थांबवून

हा आठवडा छोटा आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा या युक्तीवर जादूचे चित्रपट उभे केले. तिचेच अधिक चिकाटीचे रूप दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वापरले: कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ त्यांनी एकेक फ्रेम करून टिपली आणि पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वर आले. हेच फाळके तरुणपणी आमच्या बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी होते, हे सांगितल्याशिवाय इथला कोणताही मराठी माणूस पुढे जात नाही, म्हणून मीही सांगून ठेवतो. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेत चित्रकला, छायाचित्रण आणि यंत्रविद्या एकाच छपराखाली शिकायला मिळत असत, आणि फाळक्यांच्या पुढच्या कामात ती तिन्ही दिसतात. १९१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून ती रसायनात धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळक्यांनी शिकून घेतली होती, हेही त्यासोबत लक्षात ठेवावे.

सराव: भिजवलेले मूग ओल्या फडक्यावर ठेवून, फोन न हलवता, दर अर्ध्या तासाने एक छायाचित्र, असे दोन दिवस. सलग दाखवल्यावर २५ च्या वेगाने ही ९६ चित्रे चार सेकंदांत संपतात. पडद्यावरचा काळ आणि घड्याळातला काळ वेगवेगळे असतात, हे त्या चार सेकंदांत कळते. पुढच्या सगळ्या संकलनाचा पाया तोच आहे.

तिसरा आणि चौथा आठवडा: दोन शॉट जोडणे

खरी कसोटी येथे आहे, म्हणून येथे दोन आठवडे द्यावेत आणि घाई करू नये.

दोन शॉट एकामागून एक लावले, की प्रेक्षकाने त्यांचे नाते काय समजावे, हा प्रश्न सुरुवातीच्या चित्रपटकारांना खरोखरच सुटलेला नव्हता. १९०० मध्ये इंग्लंडच्या जी. ए. स्मिथ यांनी आजीच्या भिंगातून नातू काय पाहतो, हे गोल चौकटीतल्या जवळच्या शॉटने दाखवले. अमेरिकेत एडविन पोर्टर यांच्या १९०३ सालच्या अग्निशामक दलावरच्या चित्रपटाचे उदाहरण तर फार बोलके आहे. त्यात जळत्या घरातून बाई आणि मुलाची सुटका आधी खोलीच्या आतून पूर्ण दाखवली आहे आणि नंतर तीच सुटका पुन्हा पहिल्यापासून रस्त्यावरून दाखवली आहे. पुढे कोणीतरी आतले-बाहेरचे शॉट आलटून पालटून लावलेली त्याची एक प्रत प्रचारात आली आणि कित्येक वर्षे अभ्यासकांनी तीच मूळ मानून पोर्टर यांना काळाच्या पुढचे ठरवले. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयात जपलेल्या, फिल्मवरची चित्रे कागदावर उतरवलेल्या प्रतीवरून मूळ क्रम उलगडला. आज आपल्याला आत-बाहेर असे कापणे इतके सहज वाटते, की तसे न कापता कोणी गोष्ट सांगितली असेल यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

सरावासाठी मावशींच्या कामाचे पाच शॉट घ्यायचे. पहिला दूरचा, ज्यात टपरी, रस्ता आणि मावशी एकत्र दिसतील, दुसरा कमरेपासून वरचा, तिसरा फक्त हात, सुई आणि फूल, चौथा चेहरा, पाचवा समोर उभे असलेले गिऱ्हाईक. प्रत्येक शॉटमध्ये तेच काम पुन्हा होऊ द्यावे आणि शॉटच्या आधी-नंतर पाच-पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवावा. आमच्या मुलांची सर्वांत मोठी खोड हीच, की हात टोपलीतून बाहेर आला रे आला की बोट बंदच्या बटणावर जाते, आणि मग जोडायला जागाच उरत नाही.

आता कट कोठे करायचा? मावशींचा उजवा हात टोपलीकडे जातो, फूल उचलतो, सुईपाशी येतो आणि फूल खाली सरकवतो. दूरच्या शॉटमधून हातांच्या शॉटवर जायचे असेल, तर हात टोपलीकडे निघाल्यावर, वाटेत असताना कापावे. हात स्थिर असताना कापले, तर कट डोळ्यांत खुपतो. हात चालू असताना कापले, तर प्रेक्षकाचे लक्ष हालचालीमागे धावते आणि जोड लपते. एकदा दूरच्या शॉटमध्ये हात जेथे सोडला तेथूनच जवळच्या शॉटमध्ये उचलून पाहावे, एकदा दोन-तीन फ्रेम मागून, एकदा दोन-तीन फ्रेम पुढून. कागदावर सारखे वाटणारे हे तीन कट पडद्यावर तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. यासाठी फोनमधले साधे कापण्या-जोडण्याचे ॲप पुरते. त्यात फक्त कापणे आणि जोडणे एवढेच वापरायचे, संक्रमणांच्या (ट्रान्झिशनच्या) चकचकाटाला हात लावायचा नाही, ही माझी अट असते.

या सरावात तीन चुका जवळपास प्रत्येकाच्या होतात. पहिली चूक सातत्याची. दूरच्या शॉटमध्ये दोऱ्यात नऊ फुले आणि लगेचच्या जवळच्या शॉटमध्ये वीस! मुले म्हणतात, कोण मोजणार? मोजत कोणीच नाही, पण हार एकदम लांब झालेला सगळ्यांना दिसतो. त्यावर उपाय असा, की मधे गिऱ्हाईकाचा चेहरा दोन-अडीच सेकंद टाकावा. आपण दुसरीकडे पाहत असताना वेळ गेला असेल, हे प्रेक्षक विनातक्रार मान्य करतो. दुसरी चूक दिशेची. मावशी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक रेघ कल्पावी आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्यावेत. एक शॉट फुटपाथवरून आणि दुसरा टपरीच्या मागून घेतला, तर दोघेही पडद्यावर एकाच दिशेला तोंड करून कोणा तिसऱ्याशीच बोलत असल्यासारखे दिसतात. तिसरी चूक भित्रेपणाची: दुसऱ्या शॉटसाठी कॅमेरा जेमतेम वीतभर पुढे नेणे. कोन किमान ३० अंशांनी तरी बदलावा किंवा चौकटीचा आकार ठळकपणे बदलावा, नाहीतर चित्राला उचकी लागल्यासारखे वाटते.

ही उचकीच पुढे शैली झाली. १९६० मध्ये फ्रान्सच्या जाँ-ल्युक गोदार यांनी एकाच शॉटमधले तुकडे उघड उघड काढून टाकले आणि ‘जम्प कट’ प्रतिष्ठित झाला. पण ते जोडकाम येणाऱ्यांचे मोडणे होते. आमच्याकडे चौथ्या आठवड्यात ‘हा जम्प कट मुद्दामच आहे’ असे सांगणाऱ्या मुलाला मी तोच जोड आधी न दिसणारा करून दाखवायला लावतो.

पाचवा आठवडा: एकाच वेळी दोन ठिकाणी

जोड लपवता आला, की मन पुढे धावते: दोन ठिकाणी एकाच वेळी घडणारे कसे दाखवायचे? समांतर संकलनाचे पहिले प्रयोग डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे नव्हेत, पण त्याला वळण लावून दिले ते त्यांनी. १९०९ सालच्या त्यांच्या एका छोट्या चित्रपटात दाराशी आलेले दरोडेखोर, आत अडकलेली आई-मुली आणि टेलिफोनवर बातमी ऐकून घराकडे धावणारा बाप, अशी तीन सूत्रे आळीपाळीने येतात आणि शॉट आखूड होत जातात तसा प्रेक्षकाचा जीव वरखाली होतो.

आमचा सराव घरगुती आहे. मांडवीजवळच्या घरात पूजेची तयारी झाली आहे, निरांजन लावले आहे, सगळे हारासाठी खोळंबले आहेत. इकडे मुलगा खंडेराव मार्केटातून हार घेऊन स्कूटरवर निघाला आहे. घराचे सहा आणि रस्त्याचे सहा शॉट घ्यावेत. स्कूटर प्रत्येक शॉटमध्ये डावीकडून उजवीकडेच जाईल याची काळजी घ्यावी. एकाही शॉटमध्ये ती उलटी गेली, तर मुलगा हार विसरून परत गेला असे वाटते. आधी सगळे शॉट चार-चार सेकंदांचे ठेवून एक प्रत तयार करावी. मग दुसरी प्रत करावी, जिच्यात पहिली जोडी सहा सेकंदांची, पुढची चार, मग तीन, दोन, दीड आणि शेवटची जेमतेम एका सेकंदाची असेल. दोन्ही प्रतींमधले शॉट तेच, क्रमही तोच. घरातल्या कोणाला दाखवून, पोचायला जास्त वेळ कोणत्या प्रतीत लागला, हे विचारावे. आमच्याकडे उत्तरे फाटतात आणि त्या वादातूनच लय म्हणजे काय याची चर्चा सुरू होते. व्याख्या सांगून ती कधीच सुरू झाली नव्हती.

सहावा आठवडा: चेहरा आणि वाटी

क्रांतीनंतरच्या रशियात कोऱ्या फिल्मचा तुटवडा होता. नवे चित्रण करता येईना, म्हणून लेव्ह कुलेशॉव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जुन्या पट्ट्या उलटसुलट जोडून पाहण्यावर भर दिला. त्यांचा नावाजलेला प्रयोग त्यांचे सहकारी पुदोव्किन यांनी असा नोंदवला आहे: मोझुखिन या नटाचा निर्विकार चेहरा आधी सूपाच्या वाटीला, मग शवपेटीला आणि मग खेळणाऱ्या मुलीला जोडला, तर प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात अनुक्रमे खोल विचार, शोक आणि कौतुक दिसले. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही. पण प्रयोग कोणालाही घरी करता येतो, आणि करावाच.

माझे एक काका आहेत. निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा इतका निर्विकार झाला आहे, की दूधवाल्यालाही आज पैसे मिळणार की नाहीत ते कळत नाही. त्यांना खिडकीजवळ बसवून, ‘काका, काहीही विचार न करता समोर बघा’ एवढेच सांगून आम्ही वीस सेकंद चित्रण केले. मग श्रीखंडाची वाटी, हार घातलेला तसबिरीतला फोटो आणि कमाटी बागेत झोक्यावर बसलेली छोटी मुलगी असे तीन शॉट घेतले. जोडताना चेहऱ्याचा तोच तीन सेकंदांचा तुकडा तिन्ही वेळा वापरायचा. ‘जरा बरा’ म्हणून दुसरा तुकडा घेतला, तर प्रयोग बाद. काकांची नजर किंचित खाली होती, म्हणून वाटी वरून टिपली. नजरेची उंची आणि वस्तूचा कोन जुळला नाही, तर तो माणूस तीच वस्तू पाहतो आहे हे कोणी मानत नाही. प्रत्येक जोड वेगवेगळ्या तीन जणांना दाखवायचा आणि ‘कसा वाटला अभिनय?’ असे न विचारता ‘हे गृहस्थ कोण, आणि काय चालले आहे?’ एवढेच विचारायचे. तसबिरीचा जोड पाहून काकूच म्हणाल्या, ‘अहो, यांना रडू येतंय की काय?’ काका शेजारीच चहा पीत होते.

त्याच रशियात सेर्गेई आयझेन्स्टाइन यांनी दोन शॉटांच्या टकरीतून तिसरा अर्थ काढण्यावर भर दिला. १९२५ सालच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये एक खलाशी ताटली आपटून फोडतो, ती क्षणभराची कृती एकमेकांवर चढणाऱ्या अनेक तुकड्यांत विभागल्यामुळे लांबते आणि तिच्यात राग साठतो. मुगाच्या सरावात आपण काळ आवळला. हा त्याच्या उलटचा प्रकार आहे. येथे नारळ फोडावा. चार ठिकाणांहून चार नारळ फोडताना चित्रण करावे (खोबऱ्याची वाटणी आधी ठरवून घ्यावी, आमच्याकडे भांडणे झाली आहेत) आणि हात खाली येण्याचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या थोडे मागून सुरू करावा. अर्ध्या सेकंदाचे काम तीन सेकंदांपर्यंत सहज ताणता येते. चार सेकंदांवर मात्र ते हास्यास्पद होऊ लागते.

सातवा आठवडा: आवाज आणि कागद

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि भारतीय संकलकाला चित्राच्या पट्टीबरोबर ध्वनीची पट्टीही सांभाळावी लागू लागली. १९३७ मध्ये प्रभातच्या ‘कुंकू’त व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत पूर्ण टाळून प्रसंगातलेच नैसर्गिक आवाज वापरले. नवशिक्याने निदान पहिल्या वर्षी हाच मार्ग धरावा असे माझे ठाम मत आहे, कारण गाणे टाकले की ढिले संकलनही चालून जाते आणि आपला दोष आपल्याला कळत नाही.

चित्रण संपल्यावर कोणालाही बोलू न देता त्या जागेचा निव्वळ आवाज ३० सेकंद वेगळा टिपावा. खंडेराव मार्केटपाशी तो म्हणजे रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्यांच्या आरोळ्या आणि कबुतरे. दोन शॉटांमधला ध्वनी एकदम तुटतो तेथे हा आवाज अंथरला, की जोड बुजतो. मग एक साधा सराव: मावशी बोलू लागतात त्याच्या अर्धा सेकंद आधी, चित्रात अजून रस्ता असतानाच, त्यांचा आवाज सुरू करावा, हा जे-कट. उलट, त्यांचे बोलणे चालू ठेवून चित्र हातांवर न्यावे, हा एल-कट. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तुकडे क्रमाने मांडायच्या पट्टीवर, चित्र आणि ध्वनीचे तुकडे त्या इंग्रजी अक्षरांसारखे दिसतात, म्हणून ही नावे पडली. संवाद नैसर्गिक वाटण्याचे निम्मे श्रेय या दोन कटांचे असते.

याच आठवड्यात कागदावरचे संकलन शिकून घ्यावे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. सेकंदाला २४ या वेगाने मिनिटाला ९० फूट लागतात आणि हजार फुटांचा डबा अकरा मिनिटांत संपतो. १९२४ मध्ये इव्हान सेरुरिए यांचे मुव्हिओला हे यंत्र आले आणि संकलकाला पट्टी डोळ्यांसमोर चालवून पाहता येऊ लागली, तरी कापलेला तुकडा परत जोडायचा म्हणजे हाताचेच काम होते. म्हणून संकलक कात्री उचलण्याआधी विचार करी. ‘शोले’चे संकलन केलेले एम. एस. शिंदे याच शिस्तीतले. त्या चित्रपटातील ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग पाहताना, गोळी लागलेली व्यक्ती कोसळण्याआधीच चित्र कसे गोठवले आहे, याची फ्रेम-फ्रेम नोंद करावी. हा गृहपाठ मी सर्वांना देतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेल्या रेणू सलुजा यांनी संकलित केलेला ‘जाने भी दो यारो’ त्याच्या शेजारी ठेवून पाहावा, म्हणजे विनोदातला कट किती लवकर यावा लागतो ते समजते.

करायचे असे: प्रत्येक शॉट पाहून त्याची एक चिठ्ठी बनवावी. तिच्यावर शॉट क्रमांक, काय घडते, कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत उपयोगी, आणि एका शब्दात भाव. चिठ्ठ्या जाजमावर पसरून क्रम लावावा, दुसऱ्याला मोठ्याने सांगून पाहावा, मोडावा, पुन्हा लावावा. दीडशे शॉटांतले साठ येथेच गळतात. पंखा बंद ठेवावा, हे अनुभवाने सांगतो.

आठवा आठवडा: आता संगणक

१९७१ मध्ये सीएमएक्स ६०० हे पट्टी न कापता हव्या त्या क्रमाने शॉट लावू देणारे पहिले यंत्र आले, १९८९ मध्ये संगणकावर संकलन करायचे ॲव्हिड बाजारात आले आणि संकलक वॉल्टर मर्च यांनी ॲव्हिडवर केलेल्या ‘द इंग्लिश पेशंट’ला संकलनाचे ऑस्कर मिळाल्यावर कात्रीचे दिवस भरले. आज डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा केडेनलाइव्ह, शॉटकट यांपैकी काहीही चालेल. सात आठवडे केलेल्याला कोणतेही दोन दिवसांत जमते.

सुरुवात मात्र फोल्डरपासून करायची. चित्र, ध्वनी, प्रकल्प आणि अंतिम प्रती असे चार फोल्डर, आणि आतल्या प्रत्येक फाइलला तारीख व शॉट क्रमांक. मूळ चित्रणाच्या तीन प्रती हव्यात: दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर. माझ्या आतेबहिणीच्या लग्नाचे चित्रण असलेले कार्ड मी स्वतःच ‘उतरवून झाले आहे’ असे समजून पुसले होते. बरीच वर्षे झाली. आत्या अजून प्रत्येक कार्यात तो विषय काढतात.

प्रकल्पाचा फ्रेम-वेग चित्रण आत घेण्याआधी ठरवावा, कारण नंतर तो बदलणे त्रासाचे असते. फोनचे चित्रण बदलत्या फ्रेम-वेगाचे असू शकते. त्यामुळे पहिल्या मिनिटाला जुळलेले ओठ आणि आवाज दहाव्या मिनिटाला सुटतात आणि बिचारा शिकाऊ सॉफ्टवेअरला शिव्या देतो. अशा फाइली हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून आधी स्थिर वेगाच्या करून घ्याव्यात. संगणक जुना असेल तर हलक्या, कमी आकाराच्या प्रॉक्सी प्रतींवर काम करावे आणि शेवटी मूळ फाइली जोडाव्यात.

मग चिठ्ठ्यांच्या क्रमाने सगळे शॉट लांबच्या लांब लावून पहिली जुळणी करावी. ती कंटाळवाणी होते, तशीच व्हायला हवी. एक दिवस जाऊ देऊन रफ कट करावा, ज्यात फक्त क्रम आणि प्रसंगांची लांबी पाहायची. फाइन कटमध्ये एकेका फ्रेमचा हिशोब. येथे दोन कटांत निवड होईना, तर मर्च यांची उतरंड उपयोगी पडते: त्यांनी भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर जेथे आहे त्याला ७ आणि दिशा व अवकाशाच्या शुद्धतेला मिळून ९ टक्के वजन दिले आहे. म्हणजे हारातली फुले जुळत नसतील पण मावशींचे हसणे खरे असेल, तर हसणे ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी जे शिकवले त्याच्या हे विरुद्ध आहे, असे एका मुलाने लगेच दाखवून दिले. ते खरेच आहे, आणि म्हणूनच हा आकडा आठव्या आठवड्यात सांगतो. चित्र पक्के झाल्यावरच ध्वनीची पातळी आणि रंग यांना हात घालावा. बोलण्याची उंच टोके उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नयेत.

पुन्हा चित्रणासाठी एक दिवस राखून ठेवावा. आमचा साडेतीन मिनिटांचा चित्रपट तयार झाल्यावर आम्ही तो लॅपटॉपवर मावशींना त्यांच्या टपरीवरच दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला आणि विचारले, ‘छान आहे रे, पण मी गाठ मारलेली कुठं दिसली?’ दीडशे शॉटांत गाठ एकदाही नव्हती; शेवटचे फूल ओवले की मुलांच्या लेखी हार पुरा झाला होता. पुढच्या रविवारी पुन्हा तेथे गेलो. सकाळी साडेसातचाच उजेड हवा होता म्हणून सातला पोचलो, आणि पाहतो तर मावशींच्या हातात हिरव्या बांगड्यांऐवजी लाल. शेवटी चौकट बोटांपुरतीच ठेवली, चार सेकंद घेतले आणि आधीच्या शॉटमधल्या रिक्षाचा हॉर्न त्या कटावर पसरवला.